थोरली

‘‘कोमो से पोर्ता?’’

आईचा पहिला प्रश्न हा होता. वागते कशी?

रसायनशास्त्राच्या बाईंनी लॅपटॉप तिच्याकडे वळवून ठेवला होता. पडद्यावर चाचण्यांचे गुण, न दिलेल्या गृहपाठांसमोर ओळीने लाल चौकोन आणि सगळ्यात खाली एक ठसठशीत ‘डी’. आईने तिकडे बघून न बघितल्यासारखं केलं. ती शेतावरून थेट आली होती. लेट्यूसच्या चिकाने बोटं काळपट तपकिरी झालेली, म्हणून दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर. भेटीला दहा मिनिटं, बाहेर पालकांची रांग, आणि बाईंना बोलायचं होतं गृहपाठाबद्दल.

मध्ये दुभाषी म्हणून मुलगीच बसली होती. अकरावीतली. घरी तिला ‘मिहा’ म्हणतात. ‘मी इहा’, म्हणजे ‘माझी लेक’, हे बोलता बोलता जुळून गेलेलं. तिचं खरं नाव इथे लिहीत नाही, मीही मिहाच म्हणते. बाई म्हणाल्या, ही वर्गात सगळ्यात चांगले प्रश्न विचारते, शेजारच्या मुलांना समजावून सांगते, प्रयोगाला हात चांगला आहे, पण गृहपाठ देत नाही. मिहा आईकडे वळली आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, ‘‘म्हणतायत, गृहपाठ देत नाही.’’

कामापुरती स्पॅनिश मला येते. त्यामुळे वाक्याचा अख्खा पूर्वार्ध तिने गिळला, हे माझ्या लक्षात आलं. बाहेर पार्किंगमध्ये मी तिला गाठलं. चांगलं ते का नाही सांगितलंस? ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘मिस, आपलंच कौतुक आपल्याच तोंडाने आईला कसं सांगायचं?’’

ही मुलगी इंग्रजी शाळेत शिकलेली, पण मला त्या क्षणी ती थेट माझ्या आजीच्या ओसरीवरची वाटली.

स्पॅनिशमधला ‘एदुकासिओन’ हा शब्द कागदावर शिक्षणासारखा दिसतो. पण घराघरात त्याचा अर्थ निराळा आहे. चार पदव्या घेतलेला माणूस मोठ्यांना उलट बोलला, की तो ‘माल एदुकादो’. शाळेची पायरी न चढलेली म्हातारी आल्यागेल्याला खुर्ची देते, पाणी विचारते, ती ‘बिएन एदुकादा’. मी बरेच दिवस याला मराठी शब्द शोधत होते. संस्कार म्हटलं तर फार सोवळं होतं. मग एकदा मिहाच्या धाकट्या भावाच्या वहीत अक्षर गिरवून घेताना सुचलं: वळण. आपण अक्षराला वळण म्हणतो आणि मुलीलाही वळण आहे म्हणतो. एकाच शब्दात वहीही आली आणि घरही आलं. आई ‘वागते कशी’ विचारते तेव्हा ती अभ्यास सोडून भलतंच विचारत नसते. तिच्या मते वळण असेल तर अभ्यास आज ना उद्या येईल, आणि वळण नसेल तर आलेल्या अभ्यासाचा काय उपयोग?

शाळेला मात्र हा प्रश्न मोजता येत नाही. त्यामुळे शाळेच्या लेखी ‘पालकांचा सहभाग’ म्हणजे सभेला येणं, ईमेलला उत्तर देणं, वर्गात मदतीला उभं राहणं. पहाटे चारला उठून मुलांचा डबा भरून साडेपाचला शेताच्या बसमध्ये बसलेली बाई यातल्या कशात बसत नाही.

आता मी या टेबलाशी कशी पोहोचले ते सांगते. नवऱ्याची नोकरी बियाण्यांच्या कंपनीत, म्हणून आम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासला आलो. हा भाग स्वतःला जगाची सॅलडची वाडगी म्हणवून घेतो आणि त्यात फार अतिशयोक्ती नाही. एप्रिलपासून पुढे नजर जाईल तिथवर लेट्यूस, ब्रोकोली, फ्लॉवर, आणि समुद्राच्या बाजूला वॉटसनव्हिलकडे स्ट्रॉबेरी. सकाळी धुकं असतं, त्यात चेहऱ्याला रुमाल गुंडाळलेली माणसं, बहुतेक मेक्सिकोतून आलेली, ओणवी असतात. दुपारी वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत. मी मुळात संख्याशास्त्राची, घरी बसून कंटाळले, म्हणून वाचनालयात मंगळवार-गुरुवारी मुलांना गणित शिकवायला लागले.

मिहा तिथे यायची ती वीस मिनिटं उशिरा, दोन भाऊ सोबत घेऊन, आणि पाऊण तासात निघायची. येताना धाकट्याचं दप्तरही तिच्याच खांद्यावर. मी माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिलं होतं: हुशार, पण अनियमित. खाली एक रेघसुद्धा मारली होती. मास्तरांची लेक ना मी.

त्याच वर्षी गणपतीत आम्ही बे एरियातल्या एका मराठी घरी गेलो होतो. आरती झाली, मोदक झाले, आणि मग कुणाची कन्या कुठल्या युनिव्हर्सिटीत हा आपल्याकडचा उत्तरपूजेचा विधी सुरू झाला. मी सॅलिनासला शिकवते म्हटल्यावर एक काका म्हणाले, ‘‘चांगलं काम करतेस गं, पण या लोकांच्यात शिक्षणाची किंमतच नाही. आपल्याकडे कसं, घरातच व्हॅल्यूज असतात.’’ सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आज ती मान आठवली की लाज वाटते, कारण तोवर माझ्या वहीतली ती रेघ काकांच्याच शाईतली होती.

काकांच्या वाक्यात खोट आहे ती हिशोबाची. आपण भारतातून या देशात आलो ते चाळणीतून. १९६५ च्या कायद्याने शिकलेल्यांसाठी दार उघडलं, १९९० मध्ये एच-वन-बी व्हिसा आला, आणि पदवी हेच तिकीट झालं. अमेरिकेतल्या दर चार प्रौढ भारतीयांपैकी साधारण तिघांकडे निदान एक पदवी आहे. भारतातल्या कुठल्या जिल्ह्यात हे प्रमाण सापडेल? मेक्सिकोच्या माणसांसाठी उघडलेलं दार शेताकडचं होतं. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ कराराखाली मजूर म्हणून माणसं आणली गेली, पंचेचाळीस लाखांच्या आसपास करार झाले. त्यांच्याकडून हात मागितले होते. सॅलिनासच्या याच शेतांत आखूड दांड्याच्या खुरप्याने लेट्यूसची विरळणी चालायची. त्याला ‘एल कोर्तितो’ म्हणत. दिवसभर कंबरेतून वाकल्याशिवाय ते वापरताच येत नसे, आणि मुकादमाला लांबून दिसायचं की कोण उभं राहिलंय. कॅलिफोर्नियात त्यावर १९७५ मध्ये बंदी आली. एका घराण्याने तीन पिढ्या कागद गोळा केले, दुसऱ्याने तीन पिढ्या कंबर मोडली, आणि मग दोघांच्या नातवंडांची गुणपत्रकं शेजारी ठेवून आपण संस्कारांवर बोलतो.

मुकादमाला इथे ‘मायोर्दोमो’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी एकदम बीडला पोहोचले.

माझे वडील बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की ते हजेरीपट घेऊन वर्गात जायचे आणि परत येऊन नुसते बसायचे. अर्धा वर्ग गेलेला असायचा. मुकादमाची उचल घेतलेली, गाव ट्रकमध्ये बसून कारखान्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याबरोबर पोरं. फडाच्या कडेला कोपी, कोपीत तान्हं, आणि तान्ह्याला सांभाळायला थोरली. थोरलीच जायची नेहमी. हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘गै, गै, गै’ अशी ओळ एप्रिलपर्यंत चालायची. माझ्या बाकावर बसणारी एक थोरली पाचवीत गेली ती सहावीच्या दिवाळीला परत आलीच नाही. पाढे ती माझ्याआधी म्हणायची. तिच्या घरात शिक्षणाची किंमत नव्हती असं माझ्या वडिलांनी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. ते एवढंच म्हणायचे, ‘‘पोर हुशार होती, पण थोरली होती.’’

सॅलिनासची थोरली ट्रकमधून जात नाही. पण जाते.

नोव्हेंबरात इथली थंडी लेट्यूसला सोसत नाही. मग सगळा धंदाच उठून अॅरिझोनातल्या युमाला जातो, साडेआठशे-नऊशे किलोमीटर लांब, वाळवंटात. पाकीटबंद सॅलड तयार करणाऱ्या कारखान्यांतली यंत्रं सुटी करून ट्रेलरवर चढवतात, तिकडे पुन्हा जोडतात आणि मार्च-एप्रिलात परत आणतात. यंत्रांमागोमाग माणसं. मिहाची आई कापणीच्या टोळीत, वडील ट्रॅक्टरवर. पोरांचं नाव इथल्या शाळेतून निघतं, तिकडच्या शाळेत लागतं, आणि वसंतात उलट. इकडे बीजगणितात अर्ध्यावर असलेला धडा तिकडे संपलेला असतो, तिकडे सुरू केलेला विषय इकडे नसतोच. शेतमजुरांसाठी सरकारने बांधलेल्या वसाहतींचा तर नियमच असा होता, की हंगाम संपला की कुटुंबाने पन्नास मैलांपलीकडे जायचं. शाळकरी मुलं असलेल्या घरांना त्यातून सवलत मिळू लागली ती २०१८ मध्ये. कायद्याची एक गोष्ट मात्र मानायला हवी. १९८२ साली टेक्सासमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आईबापांकडे कागद असोत-नसोत, मुलाला सरकारी शाळेत घ्यावंच लागेल. बीडमध्ये पोराला शाळा शोधत जावं लागायचं. इथे पोर जिथे जाईल तिथे शाळा आहे. फक्त ती दर वेळी निराळी आहे.

अंतराळवीर होजे हर्नांडेझ यांची गोष्ट इथल्या मुलांना पाठ असते. मिचोआकानहून येणाऱ्या शेतमजुरांचा मुलगा, वर्षाचा काही भाग मेक्सिकोत, बाकीचा कॅलिफोर्नियातल्या एका शेतावरून दुसऱ्या शेतावर. नासाने अकरा वेळा नाकारलं, तरी २००९ मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून अंतराळात गेले. मुलांना त्यातलं अकरा वेळा नाकारलं हे आवडतं. मला दुसरंच आवडतं. ते दुसरीत असताना त्यांच्या बाई घरी आल्या आणि आईवडिलांना म्हणाल्या, एका जागी राहा. ते स्टॉकटनला राहिले. जिद्द, कष्ट, संस्कार हे सगळं त्या घरात आधीपासून होतंच, कमी होता तो एक पत्ता.

अशा घरांतल्या कुटुंबनिष्ठेला अभ्यासकांनी ‘फामिलिस्मो’ असं भारदस्त नाव दिलं आहे. घर आधी, मग मी. अँड्र्यू फुलिग्नी आणि सहकाऱ्यांचा १९९९ सालचा एक अभ्यास मी जुन्या सवयीने शोधून वाचला. दहावी-बारावीची आठशेवर मुलं, त्यांत मेक्सिकन, मध्य-दक्षिण अमेरिकी, चिनी, फिलिपिनो, युरोपीय वंशाची. लॅटिनो आणि आशियाई मुलांना घराबद्दलचं कर्तव्य युरोपीय वंशाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त वाटत होतं. कर्तव्याची जाणीव जास्त, तिथे अभ्यासाची ओढही जास्त. इथवर काका खूश होतील. पण गुणांकडे आलं की गोष्ट फिरते. ज्यांना हे कर्तव्य सर्वांत जास्त वाटत होतं, त्यांचे गुण सर्वांत कमी वाटणाऱ्यांइतकेच, किंवा त्यांच्याहूनही खाली. म्हणजे भाजीतल्या मिठासारखं. त्याच फुलिग्नींनी ईव्हा टेल्झर यांच्याबरोबर पुढे मुलांना रोजच्या रोज नोंदी लिहायला लावल्या. त्यात दिसलं की घरकाम केल्याने मुलं नुसती दमत नाहीत, आपण चांगला मुलगा, चांगली मुलगी आहोत या भावनेने ती सुखावतातही.

हे वाचून मी माझी नोंदवही उघडली आणि ‘अनियमित’ खालची रेघ खोडली. शाईची असल्यामुळे ती नीट गेली नाही.

तोवर मी मिहाच्या घरी जाऊन आले होते. एका घरात तीन बिऱ्हाडं, यांच्याकडे मागची मोठी खोली आणि गॅरेजचा अर्धा भाग. शाळा सुटल्यावर ती दोन वेगवेगळ्या शाळांतून दोघा भावांना घेते, म्हणून वीस मिनिटं उशीर. पाऊण तासात निघते कारण आई यायच्या आत बीन्स शिजायला लावायचे असतात. सोमवारी कपडे धुवायला लॉन्ड्रोमॅटमध्ये, तिथे ड्रायरच्या वर वही ठेवून गणितं. विजेचं बिल, दवाखान्याचा फोन, घरमालकाची नोटीस, सगळ्याचं भाषांतर तिच्याकडे. वडिलांची आई दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाची. ती मिश्तेक ही तिथली आदिवासी भाषा बोलते आणि तिला स्पॅनिशही धड येत नाही. म्हणजे आजीला डॉक्टरकडे न्यायचं तर इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये मिहा आणि स्पॅनिशमधून मिश्तेकमध्ये वडील. एक औषध दिवसातून दोनदा घ्या, एवढं वाक्य दोन उंबरठे ओलांडून म्हातारीपर्यंत पोहोचतं.

या सगळ्याला शाळेत गुण शून्य. वर मागणी काय, तर अर्जात लिही की तू कुठल्या क्लबात नेतृत्व केलंस!

तरी हे सगळं गोड करून सांगणार नाही. तिचा मधला भाऊ तेव्हा तेरा वर्षांचा, चांगला धडधाकट. तो संध्याकाळी फुटबॉल खेळायचा. जेवायला बसला की पाण्याचा ग्लास तिने आणायचा. मी एकदा न राहवून आईला म्हटलं, याला का नाही सांगत? ती हसली आणि म्हणाली, तो मुलगा आहे. मला चीड आली, आणि चीड येताना हेही कळत होतं की हे वाक्य मी मराठीत लहानपणापासून ऐकत आले आहे. घर आधी म्हणायचं, आणि घराचं ओझं थोरलीच्याच खांद्यावर टाकायचं. फामिलिस्मोला हे अस्तर आहे. अभ्यासकांनी त्याला काहीही नाव द्यावं.

आता तो डी. त्या भेटीनंतर आई निर्धास्त होती, कारण डी म्हणजे पास. आणि खरंच, शाळेचा दाखला मिळायला डी चालतो. पण कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांना ‘ए ते जी’ अशा गटांतले पंधरा विषय लागतात आणि प्रत्येकात किमान सी. डी असेल तर तो विषय त्यांच्या लेखी झालेलाच नाही. त्या घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं आणि शाळेतून कुणी बसवून सांगितलेलं नव्हतं. हीच ती गोष्ट जी आपल्या मुलांना जन्मतः कळते, कारण आपल्या पार्ट्यांत दुसरं बोललंच जात नाही. काकांना ज्या ‘व्हॅल्यूज’ वाटतात त्यातला निम्मा भाग ही नुसती माहिती असते, कुणीतरी दिवाणखान्यात फुकट दिलेली.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदावर पंधरा चौकोन काढून आईला दाखवले. चौदा भरले, एक रिकामा ठेवला. तिने तो रिकामा चौकोन बोटाने दाबून धरला, जणू तो उडून जाईल. मग नवऱ्याशी बोलली. त्या उन्हाळ्यात मिहा एका पॅकिंग शेडमध्ये कामाला लागणार होती, तिच्या पगाराचे पैसे कशाला लागायचे तेही ठरलेलं होतं. ते सोडून तिने उन्हाळी वर्गात रसायनशास्त्र पुन्हा घ्यायचं, असं वडिलांनी सांगितलं. मोठं भाषण नाही. ‘‘एचाले गानास,’’ एवढंच. ही दोन शब्दांची आज्ञा इथे दर घरात, दर फोनच्या शेवटी ऐकू येते. शब्दशः अर्थ काढायला गेलं तर ‘त्यात इच्छा ओत’ असं काहीतरी होतं. मन लावून कर गं, असं म्हणा.

‘गानास’ या शब्दावर लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलचे हाइमे एस्कालांते यांनी आख्खा गणिताचा वर्ग उभा केला होता. बोलिव्हियात शिक्षक असलेला हा माणूस अमेरिकेत आला तेव्हा आधी हॉटेलात फरशी पुसत होता. १९८२ साली त्यांच्या अठरा विद्यार्थ्यांनी कॅलक्युलसची अवघड परीक्षा दिली, सगळे पास झाले, आणि परीक्षा मंडळाला चौदा जणांच्या पेपरांचा संशय आला. बारा जण पुन्हा बसले आणि पुन्हा पास झाले. मला या गोष्टीत नेहमी त्या घरांची काळजी वाटते. पोरांनी पुन्हा तयारी केली तेव्हा त्या संध्याकाळी धाकट्यांना कोण सांभाळत होतं?

उन्हाळ्यात रिकामा चौकोन भरला. बी आला. बारावीच्या नोव्हेंबरात युमाला जायची वेळ झाली तेव्हा आई म्हणाली, मिहा इथेच राहील, मावशीकडे, तिचं वर्ष मोडायचं नाही. ज्या घराचा संध्याकाळचा गाडा या पोरीवर चालत होता, त्या घराने तो गाडा तिच्याविना ओढायचं ठरवलं. काकांना हे सांगायचं राहून गेलं.

मार्चमध्ये तिला डेव्हिसच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. मी घरी पुरणपोळी केली आणि डबा घेऊन गेले. आजीने एक पोळी खाल्ली, दुसरी कागदात गुंडाळून ठेवली. सगळे हसत होते. मिहाही हसत होती. एप्रिलच्या शेवटी तिने मला सांगितलं की ती जाणार नाही. गावातल्या हार्टनेल कॉलेजात दोन वर्षं करेल, मग बदली घेईल.

मी रागावले. मनातल्या मनात नव्हे, तोंडावर. एवढं सगळं कशासाठी केलं, असं म्हणाले. माझ्या तोंडी ‘केलं’ होतं, म्हणजे मी केलं, हे मला रात्री कळलं. दोन आठवडे आम्ही फक्त गणितापुरतं बोललो.

मग एका गुरुवारी धाकट्याची चाचणी मी तपासत होते. अपूर्णांक पूर्ण कोरे. तो पाचवीत होता. मी विचारलं, हे शाळेत झालं नाही? तो म्हणाला, इथे झालं तेव्हा मी युमाला होतो आणि तिथे आधीच झालं होतं. मिहा वहीतून वर न बघता म्हणाली, ‘‘मी नव्हते ना या वर्षी तिथे.’’ आणि मग सावकाश एकेक सांगितलं. मधल्याने युमाच्या वर्गात बोट वर करणं सोडलंय. धाकटा दोन्हीकडे नवा असतो. ती डेव्हिसला गेली तर हे दोघं पुन्हा नोव्हेंबरात जाणार. ती इथे राहिली, मावशीच्या घरात, अठरा पूर्ण झालेली, तर दोघांची नावं वर्षभर एकाच पटावर राहतील. आईने सांगितलं का असं, मी विचारलं. नाही, आई चिडलीय, ती तीन दिवस बोलली नाही. ‘‘तुमच्यासारखीच,’’ ती म्हणाली.

मी संख्याशास्त्र शिकलेली बाई. एका मुलाचं एक गुणपत्रक, ही माझी एकक धरायची सवय. शाळेचीही तीच, त्या १९९९ च्या अभ्यासाचीही तीच. ज्या पोरांचे गुण तिथे खाली दिसले, त्यांच्या धाकट्या भावंडांचे गुण कुणी त्याच रकान्यात लिहिले नव्हते. मला अजूनही वाटतं तिने जायला हवं होतं. हे मी तिला सांगितलंही. दोन वर्षं म्हणता म्हणता पाच होतात, गावातली कॉलेजं अशा थोरल्यांनी भरलेली आहेत. तिने ऐकून घेतलं. ‘बिएन एदुकादा’ मुलगी मोठ्यांचं ऐकून घेते. करायचं तेच करते.

२००० च्या सुमाराला या देशात लॅटिनो तरुणांपैकी जवळपास अठ्ठावीस टक्के हायस्कूल पुरं न करता बाहेर पडलेले होते. आता हा आकडा आठ टक्क्यांच्या आसपास आहे. याची कारणं पुष्कळ सांगतात, कायदे, कार्यक्रम, अनुदानं. ती असतीलच. मी आकडा वाचते तेव्हा मला लॉन्ड्रोमॅटमधली ड्रायरवर ठेवलेली वही दिसते.

परवा नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार होता. दोन्ही आईबाप आधीच्या आठवड्यात युमाला गेले. चार वाजता वाचनालयाचं दार उघडलं आणि धाकटा आत आला, आता सहावीत गेलेला, आपलं दप्तर आपल्या खांद्यावर. मागून मधला. बहीण साडेपाचला कॉलेजमधून येणार होती, तोवर बीन्स मावशी लावणार होती. मी हजेरीचा कागद काढला. या कागदावर नोव्हेंबरापासून पुढे या दोन नावांसमोर गेल्या वर्षी मी नुसत्या आडव्या रेघा मारल्या होत्या.

अपूर्णांकांच्या बेरजा चालू असताना मधल्याचा फोन वाजला. व्हिडिओवर आई, मागे कुठल्याशा खोलीची निळी भिंत, डोक्याला अजून रुमाल. युमाचं घड्याळ आमच्या एक तास पुढे असतं, ती नुकतीच परतली होती. मुलाने फोन माझ्याकडे फिरवला.

‘‘कोमो से पोर्ता?’’ तिने धाकट्याबद्दल विचारलं.

माझ्यासमोर त्याची चाचणी होती, दहापैकी सात. मी ती बाजूला ठेवली.

‘‘चांगला वागतो,’’ मी म्हटलं. ‘‘फक्त खोडरबर खातो.’’